दप्तरापासून वाचकापर्यंत : पेण-रोहे परिसरातील दोन विद्वान आणि ज्ञानाच्या मुक्त प्रसाराचा प्रश्न

संशोधनाचे फल कोणाच्या हाती पडावे, हा प्रश्न संशोधनाइतकाच जुना आहे. परंतु त्याचा स्वतंत्र विचार आपल्याकडे क्वचितच झाला आहे. साधने जमविणे, त्यांची छाननी करणे आणि निष्कर्ष मांडणे एवढ्यावर आपले काम संपले, असे संशोधक सहसा मानतो. तो निष्कर्ष छापला कोणी, विकत घेतला कोणी आणि वाचला कोणी, हा विषय तो मुद्रक, प्रकाशक व ग्रंथपाल यांच्यावर सोपवितो. गेल्या पंचवीस वर्षांत या विषयाला ‘मुक्त प्रकाशन’ या नावाने जगभर महत्त्व आले आहे. कोणत्याही वाचकास विनामूल्य वाचता यावे, उतरून घेता यावे आणि योग्य श्रेय देऊन पुढे वापरता यावे, अशा रीतीने संशोधन महाजालावर प्रसिद्ध करणे, हा या संज्ञेचा स्थूल अर्थ होय. बुडापेस्ट येथून २००२ साली निघालेल्या जाहीरनाम्याने ही संज्ञा रूढ केली, आणि २००३ च्या बर्लिन घोषणेने तिला विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे पाठबळ मिळवून दिले.

ही चळवळ परदेशी आहे आणि तिचा आपल्या परंपरेशी संबंध नाही, अशी समजूत आढळते. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी रायगड, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा, जिल्ह्यातील पेण आणि रोहे या दोन गावांशी नाते असलेल्या दोन विद्वानांच्या कार्याचा आधार घेतला आहे. पेण तालुक्यातील वरसई हे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे जन्मगाव. रोहे हे चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या घराण्याचे गाव. पहिल्याने कोणत्याही विद्यापीठाच्या आसनावर न बसता साधनांचे डोंगर उपसले. दुसऱ्याने देशातील विद्यापीठांना अनुदान देणाऱ्या संस्थेचे अध्यक्षपद भूषविले. ज्ञानप्रसाराच्या दोन भिन्न पद्धती या दोन चरित्रांतून स्पष्ट दिसतात.

१. बंद दप्तरे

राजवाडे यांचा जन्म १८६३ सालचा. ते संशोधनाकडे वळले तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने दोन ठिकाणी होती आणि दोन्ही ठिकाणे अभ्यासकास जवळजवळ बंदच होती. पेशव्यांचे दप्तर पुण्यात सरकारी महसूल खात्याच्या ताब्यात होते. ते जपले होते मुख्यतः इनामे व वतने यांच्या चौकशीकरिता; इतिहासाच्या जिज्ञासूस तेथे मुक्तद्वार नव्हते. या दप्तरातील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले, ते १९३० ते १९३४ या काळात. म्हणजे राजवाडे दिवंगत झाल्यानंतर. दुसरी साधने सरदारांच्या, मुत्सद्द्यांच्या, कुळकर्ण्यांच्या व देशमुखांच्या घरी माळ्यांवर आणि पेट्यांत पडलेली होती. कागद दाखविला तर वतनास धोका पोहोचेल, या भीतीने ती घरे कागद दाखवीत नसत. आणि ज्यांस ही भीती नव्हती, त्यांच्याकडे वाळवी व पावसाचे पाणी यांचा धोका होता.

या परिस्थितीस पहिले उत्तर मासिकांनी दिले, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केले आणि त्यातून बखरी व पत्रे छापून काढली. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तराच्या आधारे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढण्यास १८९७ साली प्रारंभ केला. हे उद्योग वर्गणीदारांच्या बळावर चालत, आणि वर्गणीदारांची संख्या कधीच पुरेशी नसे. राजवाडे यांनी स्वतः १८९४ साली ‘भाषांतर’ हे मासिक काढले. जगातील थोर ग्रंथ मराठीत आणावेत, हा त्याचा हेतू होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर त्यांनी केले, ते याच हेतूने. तीन-साडेतीन वर्षांत ते मासिक बंद पडले. तेव्हा ज्ञान मुक्त करण्याची इच्छा आणि ते मुक्त ठेवण्याचा खर्च यांतील विरोध आजचा नव्हे. मराठी संशोधनाच्या आरंभापासूनच तो आपल्यासमोर उभा आहे.

२. छापलेला कागद आणि त्याचे सामर्थ्य

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पानिपतच्या युद्धापूर्वीच्या दशकातील पत्रव्यवहार त्यात असून त्यास राजवाडे यांनी प्रदीर्घ प्रस्तावना जोडली आहे. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले, आणि त्यांपैकी काही विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाला’ या मासिकातून प्रकाशात आले. या कार्यामागे विद्यापीठ नव्हते, सरकारी अनुदान नव्हते, की संपादकास वेतन नव्हते. गावोगाव पायी हिंडून कागद मिळवावयाचा, तो स्वहस्ते उतरून घ्यावयाचा आणि मित्रांच्या व हितचिंतकांच्या साहाय्याने छापावयाचा, अशी ही पद्धती होती.

तिचे शास्त्रीय महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. साधनांच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाडे यांनी निरनिराळ्या काळांतील मराठी पत्रांतले शब्द मोजले आणि फारसी शब्दांचे प्रमाण शिवकालापासून पुढे कसे घटत गेले, हे दाखविण्याचा प्रयत्न केला. भाषेच्या इतिहासात गणनेचा असा उपयोग मराठीत तोवर झालेला नव्हता. आता या गणनेवर आक्षेप घेता येतो. निवडलेली पत्रे थोडी आहेत. शिवाय दरबारी आज्ञापत्र आणि खाजगी मजकुराचे पत्र यांची शब्दकळा एकाच वर्षीही भिन्न असू शकते, तेव्हा दिसणारा फरक काळाचा की लेखनप्रकाराचा, हे ठरविणे कठीण जाते. परंतु हा आक्षेप आपणास घेता येतो याचे कारण हेच की, राजवाडे यांनी निष्कर्षाबरोबर आधारही छापला. कागद त्यांनी आपल्या पेटीत ठेवून केवळ निर्णय सांगितला असता, तर त्यावर विश्वास ठेवणे किंवा न ठेवणे एवढेच वाचकाच्या हाती राहिले असते.

त्यांच्या व्युत्पत्तींविषयीही असेच म्हणावयास हरकत नाही. ‘मराठी धातुकोश’ १९३७ साली आणि ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ १९४२ साली, म्हणजे दोन्ही त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्यांतील कित्येक व्युत्पत्ती आज टिकणाऱ्या नाहीत. संस्कृत धातूशी ध्वनिसाम्य दिसताच संबंध जोडण्याचा मोह त्यांत वारंवार आढळतो. तथापि कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्या १९४६ च्या ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’सारख्या पुढील कार्यास तपासावयास व खोडावयास काहीतरी समोर असणे आवश्यक होते, आणि ते राजवाडे यांनी पुरविले. चूक उघड्यावर असेल तर ती दुरुस्त होते. पेटीत असेल तर ती परंपरा बनते.

३. मुक्ततेची अपुरी बाजू : ज्ञानेश्वरीची पोथी

येथे राजवाडे यांच्याच चरित्रातील उलट उदाहरण नोंदविणे न्यायाचे होईल. त्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली. ही संहिता एकनाथांनी केलेल्या शुद्धीकरणाच्या पूर्वीची आहे, असा त्यांचा दावा होता. तिच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरणही त्यांनी लिहिले. यादवकालीन मराठीच्या रूपविचारासाठी ही संहिता किती मोलाची आहे, हे अभ्यासकांस सांगावयास नको. पुढे महाराष्ट्र शासनानेही राजवाडे प्रत आधारभूत धरून ज्ञानेश्वरी छापली.

परंतु ज्या पोथीवरून हे सारे झाले, ती मूळ पोथी अभ्यासकांस उपलब्ध राहिली नाही. तिचे अक्षर, कागद, हाताळणीच्या खुणा आणि दुरुस्त्या यांची परीक्षा करण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. छापलेल्या संहितेतील एखादे रूप पोथीतले आहे, लेखनिकाचे आहे की संपादकाचे, हा प्रश्न कायमचा अनिर्णित राहिला. याचा अर्थ असा की, ग्रंथ मुक्त असला आणि त्याचे मूळ साधन मुक्त नसले, तर ती मुक्तता अर्धीच होय. आज मुक्त प्रकाशनाचे पुरस्कर्ते लेखाबरोबर त्यामागील सामग्रीही खुली ठेवण्याचा जो आग्रह धरतात, त्याचे समर्थन करण्यासाठी मराठीच्या अभ्यासकास दूर जाण्याचे कारण नाही.

राजवाडे यांस ही उणीव जाणवत नव्हती, असे म्हणता येणार नाही. खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने त्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. साधने एका सार्वजनिक स्थानी जमवावी, त्यांवरील निबंध सभेत वाचावेत, त्यांची चर्चा व्हावी आणि वृत्तान्त छापले जावेत, ही मंडळाची रीत होती. जर्मन विद्वान हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी १६६५ साली जे नियतकालिक सुरू केले, त्याच्या मुळाशीही हीच कल्पना होती : शोध एकाला लागावा, पण तो तपासण्याचा अधिकार सर्वांना असावा. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे दिवंगत झाले, आणि पुढल्याच वर्षी त्या गावी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचा संग्रह त्यामुळे विखुरला नाही.

४. रोह्याचे देशमुख आणि संस्थांचे युग

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते येथे झाला. भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व पुढे केंद्रीय अर्थमंत्री म्हणून ते सर्वपरिचित आहेत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून निवडून आले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते यानंतरचे पर्व. विद्यापीठ अनुदान आयोगास १९५६ च्या कायद्याने अधिष्ठान मिळाले, आणि देशमुख त्याचे अध्यक्ष झाले. ते १९६१ पर्यंत त्या पदावर होते. याच काळात १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या अध्यक्षपदाची धुराही त्यांनी वाहिली.

त्यांच्या कारकीर्दीत आयोगाने १९५७ साली विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांचा विचार करण्यासाठी शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांचा सारांश असा की ग्रंथाचे सार्थक तो वापरला जाण्यात आहे आणि प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. अशा विचाराच्या पुरुषाकडे हे काम सोपविले गेले, ही गोष्ट बोलकी आहे. वाचकाने ग्रंथ विकत घ्यावा, ही अपेक्षा येथे मागे पडली. ग्रंथ राज्याच्या पैशाने संस्थेने घ्यावा आणि वाचकाने संस्थेत येऊन तो वाचावा, अशी नवी व्यवस्था आकारास आली.

या व्यवस्थेने मोठे काम केले, यात संशय नाही. पण तिच्यात एक अट अंतर्भूत होती; वाचक संस्थेचा असला पाहिजे. ग्रंथालयाच्या दारावर ओळखपत्र विचारले जाते, तेव्हा ज्ञान सार्वजनिक असते ते सभासदांपुरते. वरसईच्या राजवाडे यांस हे दार उघडले असते काय, हा प्रश्न केवळ कल्पनाविलास म्हणून सोडून देता येत नाही. त्यांच्यासारखे, म्हणजे शिक्षक नसलेले, वेतन नसलेले, परंतु आयुष्य संशोधनास वाहिलेले लोक महाराष्ट्रात आजही तालुक्यातालुक्यांत आहेत. स्थानिक इतिहास, बोलींचे शब्दसंग्रह, कोरीव लेखांचे ठसे यांचे बरेचसे काम तेच करतात.

५. वर्गणी, शुल्क आणि नवी भिंत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञानविषयक नियतकालिके मोठ्या व्यापारी प्रकाशनसंस्थांच्या हाती गेली. या व्यवहाराचे स्वरूप चमत्कारिक आहे. लेख लिहिणारा प्राध्यापक मोबदला घेत नाही. लेखाची परीक्षा करणारा दुसरा प्राध्यापकही घेत नाही. दोघांचे वेतन बहुधा सार्वजनिक पैशातून होते. छापलेला लेख मात्र त्यांच्याच विद्यापीठास वर्गणी देऊन विकत घ्यावा लागतो. वर्गण्या वाढत गेल्या, ग्रंथालयांचे हात आखडले, आणि या विपरीततेतून मुक्त प्रकाशनाची मागणी जन्मास आली. त्यापूर्वीच, १९९१ साली, भौतिकशास्त्रज्ञांनी ‘अर्काइव्ह’ या सार्वजनिक संग्रहात आपले लेख छापण्याआधीच ठेवण्यास आरंभ केला होता.

भारत सरकारने या प्रश्नास दिलेले सर्वांत मोठे उत्तर म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, आणि केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा विस्तार आहे. तालुक्याच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यास पूर्वी जे नाव ऐकूनच सोडून द्यावे लागे, ते नियतकालिक आता त्याच्या हाती येऊ शकते. हे देशमुखांच्या काळातील धोरणाचेच विस्तृत रूप होय. आणि म्हणून त्या धोरणाची मर्यादाही तिच्यात उतरली आहे. संस्थेबाहेरील अभ्यासक बाहेरच राहतो. शिवाय वर्गणीची मुदत सरली की पुन्हा करार, पुन्हा पैसा. विकत घेतलेले दार आपल्या मालकीचे होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे खर्च वाचकाऐवजी लेखकाकडून घेणे. युरोपातील काही अनुदानसंस्थांनी २०१८ साली जी ‘प्लॅन एस’ नावाची योजना जाहीर केली, तिच्यानंतर या मार्गास जोर आला. संपन्न प्रयोगशाळांना हे शुल्क परवडते. ज्याच्यापाशी अनुदान नाही, त्या लेखकापुढे मात्र पूर्वी वाचकापुढे असलेली भिंत उभी राहते. आपल्याकडे या मार्गास निराळेच वळण लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांकन आणले. लेखांच्या संख्येस मोल आले, आणि पैसे घेऊन कोणताही मजकूर छापणारी नियतकालिके बोकाळली. आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. तीतून २०१८ साली ४,३०५ नावे एकदम वगळली. २०१९ साली ‘केअर’ ही नवी यादी आणली. आणि २०२५ साली तीही बंद केली. ज्या नियतकालिकांस मुक्त म्हणविले जाते, त्यांतील ही भेसळ ओळखता आली नाही, तर खऱ्या मुक्त प्रकाशनाचे नावही बदनाम होईल.

तिसरा मार्ग महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गाच्या संस्थेमार्फत १९५५ पासून एक वैद्यकीय नियतकालिक निघते. महाजालावर त्याचे अंक विनामूल्य उपलब्ध झाले, आणि तेही लेखकाकडून शुल्क न घेता. वाचकासही मूल्य नाही आणि लेखकासही नाही. भार संस्थेने उचलावयाचा. वर्गणीदारांच्या बळावर उभ्या राहिलेल्या जुन्या मराठी मासिकांच्या अनुभवातून जो धडा मिळतो, त्यास हा मार्ग सर्वांत जवळचा आहे. प्रकाशनाचा खर्च हा संशोधनाच्याच खर्चाचा भाग मानला, तरच ते प्रकाशन टिकते.

६. हक्क संपल्यानंतर

मुद्रणाधिकाराचा कायदाही येथे विचारात घ्यावा लागतो. राजवाडे यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील अधिकार तत्कालीन नियमानुसार मृत्यूनंतर ५० वर्षांनी, म्हणजे १९७६ च्या अखेरीस, संपला. देशमुख १९८२ साली निवर्तले. दरम्यान मुदत ६० वर्षांची झाली; त्यामुळे हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लेखन, ज्यात मेघदूताचा मराठी अनुवाद व संस्कृत काव्यरचना येतात, १ जानेवारी २०४३ पूर्वी सर्वांसाठी खुले होणार नाही. पेणच्या पंडिताचे शब्द आज कोणीही छापू शकतो. रोह्याच्या पंडिताचे शब्द छापण्यास वारसांची अनुमती लागते. विद्यार्थ्यांच्या गरजेसाठी कायद्याने सवलती ठेवल्या आहेत, हे खरे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली त्या सवलतींचा उदार अर्थ लावला, आणि ज्या विद्यापीठाचे देशमुख १९६२ ते १९६७ या काळात कुलगुरू होते, तेथील विद्यार्थ्यांस दिलासा मिळाला. पण सवलत म्हणजे अधिकार नव्हे. विशेषतः वर्गाबाहेरच्या वाचकास तिचा उपयोग थोडा.

तथापि हक्क संपल्याने ग्रंथ आपोआप हाती येत नाही. १९७७ पासून राजवाडे कायद्याने मुक्त होते, पण सामान्य वाचकास ते दुर्मीळच राहिले. मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली धुळ्याच्या मंडळाने त्यांचे समग्र साहित्य नव्वदीच्या दशकात छापले आणि पुढे जुन्या खंडांच्या प्रतिमा महाजालावर आल्या, तेव्हा ते खऱ्या अर्थाने सुलभ झाले. मराठी विश्वकोश व जिल्हा गॅझेटियर शासनाने विनामूल्य खुले केले. मोल्सवर्थ यांचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून शोधता येतात. मराठीचे हे दोन मोठे कोश शोधण्याजोग्या स्वरूपात अमेरिकेतील विद्यापीठाने मांडावेत, याचा आनंद मानावा आणि थोडा संकोचही.

७. भाषा आणि लिपी यांची भिंत

आतापर्यंत मूल्य व हक्क यांचा विचार झाला. भाषेच्या अभ्यासकास आणखी एक भिंत दिसते. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या जडणघडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद १९४१ साली निघाला. मराठी भाषेविषयीचा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ मराठी वाचकापर्यंत येण्यास २१ वर्षे लागली. तो ग्रंथ १९२० साली फुकट वाटला असता, तरी पेणच्या शाळामास्तरास त्याचा उपयोग झाला नसता. राजवाडे यांनी आपले संशोधन इंग्रजीत न लिहिण्याचा निश्चय केला, त्यामुळे ते जागतिक विद्वत्तेपासून काही अंशी दुरावले, हे मान्य करावे लागते. परंतु ज्यांच्या माळ्यावर कागद पडले होते, त्यांस ते समजले, आणि म्हणूनच त्यांनी पेट्या उघडल्या.

लिपीची भिंतही अशीच आहे. राजवाडे यांनी मोडी कागद बाळबोधीत उतरविले, हेच त्या काळचे मुक्त प्रकाशन होते. कारण मोडी वाचणारे कमी होत चालले होते. आज हेच काम दुसऱ्या रूपाने करावयाचे आहे. युनिकोड या सांकेतिक प्रणालीत देवनागरी प्रथमपासून असून मोडी २०१४ साली समाविष्ट झाली. तरीही मराठीतील कितीतरी अंक व प्रबंध अद्याप जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या अक्षरसंचांत पडून आहेत. २००९ च्या विनियमांनुसार प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात जमा होऊ लागले. परंतु मराठी प्रबंध जुन्या अक्षरसंचात असेल किंवा त्याची केवळ प्रतिमा असेल, तर त्यातील शब्द यंत्रास सापडत नाही. जो ग्रंथ दिसतो पण शोधता येत नाही, तो कुलूप नसलेल्या परंतु यादी नसलेल्या दप्तरासारखा आहे.

८. समारोप

या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. मुक्त प्रकाशन ही आपल्या परंपरेस परकी कल्पना नाही. नाव नवे आहे, कार्य जुने आहे. राजवाडे यांच्या पद्धतीत स्वातंत्र्य होते, स्थैर्य नव्हते. देशमुखांच्या काळी उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत स्थैर्य होते, पण दार सभासदांपुरते होते. पुढील व्यवस्थेने पहिलीचे उघडे दार आणि दुसरीचा आधार दोन्ही घ्यावयास हवे.

यासाठी फार मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक मराठी विभागाने आपली पत्रिका पहिल्या दिवसापासून विनामूल्य खुली ठेवावी. लेखकाकडून शुल्क घेऊ नये आणि लेखावरील अधिकार त्याच्याकडेच राहू द्यावा. मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि जुने अंक त्या रूपात आणण्याचे काम दरवर्षी थोडे थोडे करावे. लेखामागील साधने, म्हणजे पत्रांच्या प्रतिमा, बोलींची ध्वनिमुद्रणे व शब्दयाद्या, लेखाबरोबरच ठेवावीत. ज्यांच्याकडून ही साधने मिळाली, त्यांची अनुमती घ्यावी. कारण जुन्या कागदांत घराण्यांच्या खाजगी गोष्टी असतात, आणि बोली सांगणाऱ्या व्यक्तीस आपला आवाज कोठे जाणार हे कळण्याचा अधिकार आहे. सारे काही उघडे करणे हे ध्येय नव्हे. जे तपासल्याशिवाय ज्ञान ठरत नाही, ते तपासण्यासाठी उपलब्ध असावे, एवढेच म्हणणे आहे. आणि संस्थेबाहेरील अभ्यासकाचा लेख परीक्षणास घेताना त्याचे पद विचारू नये.

या शेवटच्या सूचनेस विरोध होण्याचा संभव आहे. पदाविना पात्रता कशी ठरवावी, असे विचारले जाईल. त्यास उत्तर एवढेच की, ती लेखावरून ठरवावी. साधनांचे २२ खंड ज्याच्या नावावर आहेत, त्याच्यापाशी विद्यापीठाचे पद नव्हते. रोहे, पेण, माणगाव वा तळे येथील एखाद्या घरात आज एखादी पेटी उघडली जात असेल, तर ती उघडणारा बहुधा आपल्या विभागाचा सभासद नसेल. त्याने वाचलेला कागद आपल्यापर्यंत पोहोचावा आणि आपण लिहिलेला लेख त्याच्यापर्यंत पोहोचावा, हीच या साऱ्या व्यवस्थेची कसोटी होय.